ओझं कोणाच्या पाठीवर?

मराठीत डोंगरांवर लिहिलेलं भरपूर आहे. गोनीदांनी किल्ल्यांचं वेड तरुणांना लावलं आणि त्यानंतरच्या पिढ्यांनी घाटवाटा, सुळके, हिमालयातल्या मोहिमा यांवर पुस्तकं, दिवाळी अंकांतले लेख, क्लबांच्या स्मरणिका असा मोठा ढीग रचला. त्या ढिगात वाट कुठून फुटते, पाण्याचं टाकं कुठे आहे, शिखर किती वाजता गाठलं हे सगळं सापडतं. पण सोबत चालणारा कुठून आला होता, पहिल्या दिवशी त्याच्याशी बोलायला विषय का सुचत नव्हता आणि आठव्या दिवशी कशावरून वाजलं, हे क्वचितच वाचायला मिळतं. सहप्रवासी ग्रुप फोटोत असतो, मजकुरात नसतो. हे पुस्तक त्या फोटोतल्या माणसांबद्दल आहे. वेगळ्या भाषेच्या, धर्माच्या, जातीच्या किंवा देशाच्या तरुणांना काही दिवस रानात, डोंगरात, नदीवर एकत्र नेलं तर त्यांच्यात काय घडतं, काय घडत नाही, आणि घडलेलं टिकतं का, याचा हा शोध आहे.

विषय ऐकल्याबरोबर बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एक गोड चित्र येतं. शेकोटी, गिटार, सहा राज्यांची गाणी. मला या चित्राचा कंटाळा आहे. शेकोटीभोवती एका सुरात गाणारी मुलं गाणं संपलं की आपापल्या राज्याच्या तंबूत शिरतात, हे शिबिरं घेणाऱ्या कोणालाही माहीत असतं. म्हणून या क्षेत्रातला कोणताही प्रयोग वाचताना मी एक प्रश्न हाताशी ठेवतो : ओझं कोण वाहतं? तंबू, शिधा, दोर, पाण्याचे कॅन कोणाच्या पाठीवर असतात? रात्री गार पाण्यात पातेली कोण घासतं? ही कामं खरोखर वाटली गेली तर ओळख व्हायला जागा मिळते. ती पैशाने किंवा जन्माने आधीच ठरलेली असली तर सहल होते, छान होते, पण तेवढीच.

या क्षेत्राचा इतिहास सहसा कुर्ट हान यांच्यापासून सांगतात. १८८६ साली बर्लिनमधल्या ज्यू कुटुंबात जन्मलेल्या हान यांनी १९२० मध्ये बाडेनचे राजपुत्र माक्स यांच्यासोबत झालेम इथे शाळा काढली. १९३२ मध्ये एका कामगाराचा निर्घृण खून करणाऱ्या नाझींची हिटलरने उघड पाठराखण केली, तेव्हा हान यांनी शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना कळवलं की हिटलर किंवा झालेम यांतलं एक निवडा. पुढच्याच वर्षी त्यांना अटक झाली. सुटका झाल्यावर ते ब्रिटनला गेले, १९३४ मध्ये स्कॉटलंडमध्ये त्यांनी गॉर्डनस्टन शाळा सुरू केली, आणि १९४१ मध्ये जहाज कंपनीचे मालक लॉरेन्स होल्ट यांच्या मदतीने वेल्समधल्या ॲबरडोव्ही इथे आउटवर्ड बाउंड या साहस-प्रशिक्षण संस्थेचं पहिलं केंद्र उघडलं. बोट बुडाल्यावर तरुण, धडधाकट खलाशी धीर सोडतात आणि वयस्क खलाशी तगून राहतात, हे होल्ट यांचं निरीक्षण त्यामागे होतं असं सांगतात.

आपल्या विषयाच्या दृष्टीने ॲबरडोव्हीत महत्त्वाचं ठरलं ते वेगळंच. जहाजावरचे शिकाऊ उमेदवार, कारखान्यातली पोरं आणि खर्चिक निवासी शाळांतले विद्यार्थी तिथे एकाच बोटीवर वल्ही मारत होते. त्या काळच्या ब्रिटनमध्ये या मुलांचे उच्चार वेगळे, जेवणाच्या वेळा वेगळ्या, पुढचं आयुष्यही वेगळं ठरलेलं. दोन संस्कृतींची गाठ पडायला परदेशीच जावं लागतं असं नाही, हे तिथे नकळत दिसून आलं. हान यांचा भर धाडसापेक्षाही बचावाच्या कामावर होता. कोणाचा तरी जीव वाचवण्याची तयारी करताना माणूस शेजाऱ्याचा उच्चार विसरतो, असा त्यांचा विश्वास. १९६२ मध्ये सेंट डोनॅट्सच्या किल्ल्यात सुरू झालेल्या अटलांटिक कॉलेजात निरनिराळ्या देशांतली मुलं म्हणूनच जीवरक्षक बोट चालवू लागली. त्याच परिवारातलं महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज १९९७ मध्ये पौडजवळच्या डोंगरमाथ्यावर आलं आणि हान यांचा विचार थेट मुळशीच्या पावसात येऊन उभा राहिला.

दुसरी परंपरा पायी चालणाऱ्यांची. १९०१ मध्ये बर्लिनजवळच्या श्टेग्लिट्समध्ये वांडरफोगेल ही तरुणांची भटकी चळवळ संघटित झाली. १९१२ मध्ये रिचर्ड शिरमान या शिक्षकाने आल्टेनाच्या किल्ल्यात पहिलं कायमचं युवा वसतिगृह उघडलं आणि तीच कल्पना पुढे जगभर, भारतातही, यूथ हॉस्टेल म्हणून पसरली. इथे एक कडू गोष्ट सांगायलाच हवी. रानावनात गाणी म्हणत फिरणाऱ्या जर्मन तरुणांच्या संघटना १९३३ नंतर मोडल्या गेल्या आणि ती गाणी, त्या शेकोट्या, ते पायी फिरणं हिटलरच्या युवक संघटनेने उचललं. एकत्र चालण्यात मुळातच काही सद्गुण आहे असं मानणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. कोणासोबत चालायचं आणि कोणाला वगळायचं, हे वाट ठरवत नाही.

तिसरी परंपरा श्रमाची, आणि ती आपल्याला सगळ्यांत जवळची. पहिल्या महायुद्धानंतर १९२० मध्ये स्विस शांततावादी पियेर सेरेसोल यांनी व्हर्दंजवळच्या एन या उद्ध्वस्त गावात घरं पुन्हा उभी करायला स्वयंसेवक नेले. त्यांत जर्मनही होते. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर सेरेसोल भारतात आले. ही वाट आपल्याकडच्या विचाराशी सहज जुळली. साने गुरुजींनी आंतरभारतीचं स्वप्न मांडलं ते प्रांतांनी एकमेकांच्या भाषा आणि माणसं ओळखावीत म्हणून. एस. एन. सुब्बराव, म्हणजे सगळ्यांचे भाईजी, यांनी राष्ट्रीय एकात्मतेच्या शिबिरांत देशभरच्या मुलांना एकत्र आणलं. बाबा आमट्यांनी चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथच्या जंगलात तरुणांच्या श्रमसंस्कार छावण्या भरवल्या, आणि पाठीच्या दुखण्याने बसणंही कठीण झालेलं असताना १९८५ मध्ये कन्याकुमारीहून काश्मीरकडे आणि पुढे इटानगरहून ओख्याकडे ‘भारत जोडो’ यात्रा काढल्या. त्यातली सायकलवरची मुलं रस्त्याने गेली, रानाने नव्हे. तरीही मराठी वाचकासाठी या पुस्तकाचं मूळ हान यांच्या बोटीपेक्षा सोमनाथच्या कुदळ-फावड्यात जास्त आहे, असं माझं मत आहे.

या सगळ्यांत मला सर्वांत जास्त विचारात पाडणारा प्रयोग मात्र दक्षिण आफ्रिकेतला आहे. १९५७ मध्ये इयन प्लेयर या गोऱ्या वनाधिकाऱ्याने वाइल्डरनेस लीडरशिप स्कूल सुरू केलं. त्यांचे सोबती मकुबू न्टोम्बेला हे झुलू वाटाडे आणि वनरक्षक. न्टोम्बेला कोवळ्या वयापासून इम्फोलोझीच्या रानात काम करत आलेले, लिहिता-वाचता न येणारे, पण पावलांच्या ठशांवरून गेंडा कधी गेला हे सांगणारे. १८९५ मध्ये राखीव झालेल्या याच रानातून पांढरा गेंडा नामशेष होण्यापासून वाचला. तिथे लहान तुकड्या पायी नेल्या जात. वर्णभेदाचे कायदे कडक असतानाही वेगवेगळ्या वर्णांचे लोक या वाटांवर एकत्र चालले. शहरात ज्यांना एका बाकावर बसायची मुभा नव्हती, ते इथे एका शेकोटीशेजारी झोपत.

आणि रात्रीचा पहारा होता. प्रत्येकाने आपल्या पाळीला एकट्याने जागायचं, शेकोटी विझू द्यायची नाही, अंधारात तरस किंवा सिंह फिरतोय का याकडे कान ठेवायचे. बाकीचे झोपलेले. जागणारा कोणत्या वर्णाचा आहे याला त्या वेळी महत्त्व नसतं, तो जागा आहे ना याला असतं. शेकोटीच्या गोड चित्रावर मी वर वैतागलो, पण ही शेकोटी वेगळी आहे, कारण तिच्याभोवती कोणी गात नाही. इथे ओझं दिसत नाही, पण ते सगळ्यांच्या वाट्याला सारखं येतं. शिवाय वाट दाखवणारा काळा माणूस आणि मागून चालणारा गोरा, ही मांडणी त्या देशातल्या बाकी सगळ्या मांडण्यांच्या उलट होती. वाट संपली की न्टोम्बेला पुन्हा काळ्यांच्या फिरण्यावर बंधनं घालणाऱ्या पासच्या कायद्याखाली येत, गोरी मुलं आपल्या वस्तीत जात. रानाने कायदा बदलला नाही. ज्या झुलूंचं ते रान, त्यांच्या जमिनीचा प्रश्नही रानातल्या समतेने सुटला नाही. हे दोन्ही एकत्र धरून ठेवता आलं तरच या प्रयोगाचं मोल नीट कळतं.

अभ्यासकांनी हा विषय हाती घेतला तो साधारण याच सुमारास. १९५४ मध्ये गॉर्डन ऑलपोर्ट यांनी पूर्वग्रहांवरच्या आपल्या ग्रंथात मांडलं की नुसत्या संपर्काने काही होत नाही. दर्जा बरोबरीचा हवा, ध्येय एक हवं, ते गाठायला सहकार्य लागायला हवं आणि वरच्यांचा, म्हणजे संस्थेचा किंवा कायद्याचा, पाठिंबा हवा. त्याच वर्षी तुर्कस्तानात जन्मलेले मानसशास्त्रज्ञ मुझफर शेरीफ यांनी ओक्लाहोमातल्या रॉबर्स केव्ह इथे उन्हाळी शिबिराच्या नावाखाली २२ मुलगे नेले, त्यांचे दोन गट केले आणि स्पर्धा लावून त्यांच्यात वैर पेटवलं. एकत्र जेवण, एकत्र सिनेमा यांनी ते शमलं नाही, उलट जेवणाच्या टेबलावर खरकट्याची फेकाफेक झाली. पाणीपुरवठा बंद पडला, ट्रक अडकला आणि सगळ्यांनी मिळून दोर ओढावा लागला, तेव्हा वैर निवळायला लागलं.

हा प्रयोग पाठ्यपुस्तकांत इतका घोटला गेलाय की त्यातल्या दोन गोष्टी झाकल्या जातात. ते सगळे मुलगे गोरे, प्रोटेस्टंट, मध्यमवर्गीय होते. संस्कृतीचा फरक नावालाही नव्हता, तरी आठवडाभरात शत्रुत्व तयार झालं. दुसरी गोष्ट ऑस्ट्रेलियन लेखिका जीना पेरी यांनी २०१८ मधल्या पुस्तकात उजेडात आणली. शेरीफ यांनी आदल्या वर्षी न्यूयॉर्क राज्यात असाच एक प्रयोग केला होता आणि तो फसला. तिथे मुलांची गट पाडण्याआधीच दोस्ती झाली होती. मोठ्यांनी कितीही काड्या घातल्या तरी ती एकमेकांशी लढायला तयार होईनात. माझ्या मते गाजलेल्या यशापेक्षा हे अपयश आपल्याला जास्त शिकवतं.

अलीकडच्या अभ्यासांनी उत्साहाला आवर घातला आहे. सलमा मूसा यांनी इसिसच्या अत्याचारांनंतर इराकमध्ये ख्रिश्चन आणि मुस्लिम खेळाडूंचे मिश्र फुटबॉल संघ पाहिले. संघातल्या मुस्लिम सोबत्यांशी ख्रिश्चन खेळाडूंचं वागणं सुधारलं, पण मैदानाबाहेरच्या अनोळखी मुस्लिमांपर्यंत ते फारसं पोचलं नाही. मॅट लो यांनी उत्तर प्रदेशात निरनिराळ्या जातींच्या तरुणांची क्रिकेट लीग भरवली. एका संघात खेळणाऱ्यांची दुसऱ्या जातींत मैत्री वाढली. समोरासमोर खेळणाऱ्यांच्या बाबतीत परिणाम उलटा झाला. ऑस्ट्रेलियाचे अँड्र्यू ब्रुक्स तर हान यांच्या वारसदारांना विचारतात की डोंगरात मुलगा शहाण्यासारखा वागला म्हणजे त्याचा स्वभाव बदलला, हे कशावरून? कदाचित डोंगरात तसंच वागावं लागतं, आणि घरी परतल्यावर घरच्यासारखं. हा आक्षेप मला खोडता येत नाही आणि तो खोडल्याचा आव या पुस्तकानेही आणलेला नाही.

आणखी एक आक्षेप जास्त घरचा आहे. निर्मनुष्य, अस्पर्श रान ही कल्पनाच आपल्याकडे बसत नाही, हे रामचंद्र गुहा यांनी १९८९ मध्ये अमेरिकी पर्यावरणवादाला सुनावलं. आपल्याकडचं प्रत्येक रान कोणाचं तरी कुरण, देवस्थान, सरपणाची जागा आहे. नंदादेवीचं उदाहरण घ्या. १९७६ मध्ये तिथे भारतीय आणि अमेरिकी गिर्यारोहकांची संयुक्त मोहीम गेली. तिच्या नेत्यांपैकी विली अनसोल्ड हे आउटवर्ड बाउंडच्या परंपरेतले नामवंत शिक्षक, नेपाळात काम केलेले, सहजीवनावर बोलणारे. तरीही चमूत फूट पडली, वाद झाले आणि त्या डोंगराचंच नाव ठेवलेली त्यांची तरुण मुलगी वरच्या कॅम्पवर वारली. अशा मोहिमांचा शिधा लाता आणि आसपासच्या गावांतल्या माणसांच्या पाठीवरून जात असे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला नंदादेवीचा गाभा संरक्षणासाठी बंद झाला तेव्हा या गावांची कुरणं गेली आणि हमालीची कमाईही गेली. शेजारचं रैणी हे १९७४ मध्ये गौरादेवींनी झाडं वाचवली ते गाव. म्हणजे ज्यांनी जंगल राखलं तेच बाहेर. २००१ मध्ये लाताच्या लोकांनी पर्यटन आमच्या अटींवर व्हावं असा जाहीरनामा काढला. दोन देशांच्या तरुणांची मैत्री करायला निघालेल्या प्रत्येक संयोजकाने त्या वाटेवरच्या या तिसऱ्या पक्षाचा हिशेब आधी मांडावा. सह्याद्रीत तर तो रोज समोर असतो. पुण्या-मुंबईचा कॉलेजातला मुलगा आणि हरिश्चंद्रगडावर त्याला वाट दाखवणारा पायथ्याच्या वाडीतला महादेव कोळी किंवा ठाकर मुलगा एकाच वयाचे असतात. बहुतेक वेळा पहिला दुसऱ्याला “ए, अजून किती?” एवढंच विचारतो.

आज हे पुस्तक का, याला माझ्याकडे दोन कारणं आहेत. ऑगस्ट २०१२ मध्ये अफवांमुळे ईशान्येकडची हजारो मुलं बेंगळुरू आणि पुण्याहून गाड्या भरभरून परत गेली. २०१४ मध्ये अरुणाचलच्या एका विद्यार्थ्याचा दिल्लीत मारहाणीनंतर मृत्यू झाल्यावर केंद्राला बेझबरुआ समिती नेमावी लागली. एकाच शहरात, एकाच वर्गात बसूनही ही मुलं आपल्याला परकी राहिली. त्यानंतर शहरं आणखी वाटली गेली आहेत. सोसायटी खाण्यावरून ठरते, भाड्याची खोली आडनावावरून, आणि मोबाइल प्रत्येकाला त्याच्याच गोतावळ्यातलं दाखवत राहतो.

दुसरं कारण असं की डोंगरावर जाणाऱ्यांची संख्या अफाट वाढली असताना डोंगरावरची मिसळण कमी होते आहे. उत्तरकाशी, दार्जिलिंग, मनालीच्या गिर्यारोहण संस्थांतला सुमारे चार आठवड्यांचा बेसिक कोर्स आजही या विषयाची आपल्याकडची उत्तम शाळा आहे. तिथे मिझोराम, केरळ, हरियाणा आणि सांगलीची मुलं एका ‘रोप’वर बांधली जातात, स्वतःची सॅक स्वतः वाहतात आणि मोडक्यातोडक्या हिंदीत एकमेकांचा जीव सांभाळतात. यूथ हॉस्टेलच्या हिमालयातल्या ट्रेकवरही निरनिराळ्या राज्यांचे लोक एका तंबूत झोपतात. पण बाजारातल्या ट्रेकवर आता ऑफिसचा आख्खा ग्रुप येतो, पैसे भरून बॅगा खेचरांवर ‘ऑफलोड’ करतो, ताट समोर मिळतं आणि सोबतीला तेच सहकारी असतात जे सोमवारी शेजारच्या खुर्चीवर असतात. गर्दी इतकी की २०१८ मध्ये उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाला बुग्याळांवर, म्हणजे उंचावरच्या कुरणांवर, मुक्काम करायला बंदी घालावी लागली. पैसे देऊन ओझं उतरवणं हा गुन्हा नाही, गुडघे दुखणाऱ्याने ते जरूर करावं. फक्त त्यातून मैत्री वाढते असं माहितीपत्रकात छापू नये.

या पार्श्वभूमीवर संपादकांनी जमवलेलं लेखन तीन प्रकारच्या माणसांचं आहे. कोणी अशा प्रवासाला गेलेले, कोणी तो घडवून आणणारे, आणि कोणी ज्यांच्या गावातून, ज्यांच्या पाठीवरून तो गेला ते. शिबिर कसं घ्यावं याची ही पुस्तिका नव्हे. खेळांची यादी, साहित्याची यादी इथे शोधू नका. लेखकांना एकच अट होती असं मला सांगण्यात आलं : निसर्गवर्णन अर्ध्या पानाच्या वर जाऊ द्यायचं नाही. ती अट काहींनी मोडली आहे, पण भांडणं कोणी लपवलेली नाहीत. डब्यातल्या सुकटीच्या वासावरून पडलेली फूट, स्वयंपाकाच्या पाळीत कोणाच्या हातचं खायचं यावर आलेली चोरटी शांतता, मासिक पाळीबद्दल लीडरशी कसं बोलायचं हे न सुचलेल्या मुली, प्रवासातली मैत्री घरी सांगताना मित्राचं आडनाव गाळणारा मुलगा, हे सगळं इथे आहे. काही लेख कच्चे आहेत. त्यांची भाषा घासूनपुसून घेतली असती तर ते वाचायला सोपे झाले असते आणि खोटेही.

संपादकांशी माझा एका बाबतीत मतभेद आहे आणि तो त्यांच्या परवानगीनेच इथे नोंदवतो. ओझी वाहणाऱ्यांचे लेख त्यांनी शेवटी ठेवलेत. मी ते सुरुवातीला घेतले असते. वाचकाने हवं तर शेवटच्या भागापासून सुरुवात करावी, काही बिघडणार नाही.

एक उणीव मात्र क्रम बदलून भरून निघणारी नाही. या पुस्तकात जे गेले ते बोलतात. फी परवडली नाही, सुट्टीत शेतावर किंवा दुकानात हात लागत होते, किंवा “मुलीला आठ दिवस कुठे पाठवायचं?” असं घरून आलं, म्हणून जे गेलेच नाहीत त्यांचा यात आवाज नाही. आपल्याकडे अशांची संख्या जाणाऱ्यांपेक्षा कितीतरी मोठी आहे, आणि ज्यांना एकमेकांची ओळख नाही असे तरुणही बहुतेक त्यांच्यातच आहेत. पुढच्या आवृत्तीत त्यांच्यापैकी काही जणींना लिहितं करावं असं मी संपादकांना सुचवलं. त्यांनी होकार दिला आहे, तारीख दिलेली नाही.